अपील

आमच्या लालबागच्या चाळीत रविवारी सकाळी मॅच असायची आणि अंपायर कायम माझे वडील. ते मिलमध्ये साच्यांवर कापड विणायचे. साच्यांच्या खडखडाटात कान अर्धे गेले होते, पण नजर घारीची. एक नियम ते काटेकोर पाळत. कुणी अपील केल्याशिवाय बॅट्समनला आउट द्यायचं नाही. एकदा माझ्या बॅटची कड लागून चेंडू कीपरच्या हातात गेला. कीपर म्हणजे शेजारचे काका, तेही साच्यांवरच. त्यांना वाटलं, चेंडू पायाला लागून आला. कुणीच विचारलं नाही आणि मी खेळत राहिलो. दुपारी जेवताना वडील ताटातून मान वर न करता म्हणाले, "इचारल्याबिगर मी बोट वर करूचंय नाय. पण तुका म्हायत होता."

पुढे त्यांच्याच मिलने मला आपल्या टीममध्ये घेतलं. कागदोपत्री मी घडी खात्यातला कामगार. प्रत्यक्षात मी घरच्या चादरीचीही घडी कधी नीट घातली नाही. मॅच असली की आमची हजेरी मैदानावरच लागायची. मिलचा कारकून हजेरीबुक घेऊन यायचा, आम्ही स्कोअररच्या टेबलावर सह्या करायचो आणि मग पॅड बांधायचो. चाळीला माझा केवढा अभिमान! बायका नळावर मला आधी पाणी भरू द्यायच्या.

मग संप झाला. आमच्या चाळीतून एकही माणूस कामावर जाणार नाही, असा शब्द वडिलांनी सभेत उभं राहून दिला होता आणि पाच महिने तो पाळला गेला. आईची खाणावळ होती. जेवणारी माणसं एकेक करून गावी गेली, आणि भाताचं मोठं पातेलं तिने घासून पालथं घातलं ते कायमचं. अशातच मिलकडून निरोप आला. माटुंग्याला मॅच आहे, मुंबईची टीम निवडणारे बघायला येणार आहेत. मी तेवीस वर्षांचा होतो. मनाशी म्हटलं, मी गेटच्या आत पाऊलही टाकणार नाही, मग फुटीर कसा? घरी सांगितलं, प्रॅक्टिसला चाललोय.

मैदानावर कारकुनाने नेहमीसारखं हजेरीबुक पुढे केलं. पेन हातात घेऊन मी बराच वेळ थांबलो, असं लिहायला मला आवडलं असतं. थांबलो नाही. विकेटवर ओल होती, आम्ही टॉस हरलो होतो, मला तेवढीच काळजी होती. सही केली आणि त्या दिवशी आयुष्यातली सगळ्यात चांगली बॅटिंग केली.

तिसऱ्या दिवशी गेटवर कामावर हजर झालेल्यांची यादी लागली. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं. यादी वाचणाऱ्याने पूर्ण नाव वाचलं, मोठ्याने, दोनदा. गर्दीत पुढे वडील उभे होते.

संध्याकाळी शेजारचे काका आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. त्यांना चार मुलं, आणि धाकटीला दूध मिळून महिना झाला होता. ते वडिलांना म्हणाले, "तुमचो झील गेलो, मगे माझ्या पोरांनी काय पाप केल्यानी?"

सोमवारी काका कामावर गेले. गुरुवारी परत येताना संपवाल्यांनी नाक्यावर त्यांना गाठून त्यांचा उजवा हात मोडला. कुणी मोडला ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. पुढे त्या बोटांना धाग्याची गाठ मारता येईना. कीपरचा ग्लोव्ह तर लांबच राहिला. त्याच आठवड्यात मुंबईच्या टीममध्ये माझी निवड झाली. पेढे कुणी वाटले नाहीत.

वडिलांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी त्या सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवायला हाक मारत, आजारी पडलो तर कपाळाला हात लावून बघत, पण क्रिकेट घरातून गेलं. रविवारी ते अंपायरिंगला उतरेनासे झाले आणि मॅचही बंद पडली.

मुंबईकडून मी सात सामने खेळलो. एकाही सामन्याला ते आले नाहीत. आठव्या सामन्यात मी पाण्याच्या बाटल्या नेल्या आणि त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. मिल बंद झाली, तिच्याबरोबर टीमही गेली. दादरच्या एका शाळेत मुलांना शिकवायला लागलो. समारंभात माझी ओळख 'मुंबईचे माजी खेळाडू' अशी करून देतात, तेव्हा मी नारळ घेऊन लवकर खाली बसतो. वडिलांना परत कामावर कुणी घेतलंच नाही. परळच्या एका इमारतीत ते वॉचमन झाले, एका मिलच्या पाडलेल्या भिंतीसमोरच.

शेवटी त्यांच्या छातीत साठलेल्या कापसाने त्यांना हॉस्पिटलात आणलं. एक शब्द बोलायला त्यांना दोन श्वास लागायचे. त्या दिवशी सकाळी शेजारचे काका डाव्या हातात शहाळं घेऊन येऊन गेले. ते गेल्यावर वडील बराच वेळ दाराकडे बघत होते. मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"बाबा, त्या दिवशी सही केली, तेव्हा मी आउट होतो ना?"

त्यांनी मान वळवली. डोळे तसेच, घारीचे.

"इचारूक येवढी वर्सां लावलंस," ते म्हणाले.

मग त्यांनी सलाईन लावलेला उजवा हात सावकाश उचलला आणि एक बोट वर केलं.

खेळत होतो तेव्हा आउट दिल्यावर मी पुटपुटत, बॅट आपटत परत यायचो. त्या दुपारी मी नुसती मान डोलावली. वडील बोट खाली घेत नव्हते. नळीत रक्त चढायला लागलं, तेव्हा मी ते बोट माझ्या मुठीत धरलं आणि खाली आणलं.