आमच्या म्हशीला देवी आल्या

निजामाच्या राज्यातली गोष्ट. लग्न होऊन मी तेरजवळच्या एका खेड्यात नांदायला आले, त्याच वर्षी आमच्या म्हशीच्या सडांवर फोड उठले. चार दिवसांनी तसेच फोड धार काढणाऱ्या सासूबाईंच्या बोटांवर.

"देवी आल्या गं बाई!" त्या ओरडल्या. देवीचं नाव काढलं तरी तेव्हा माणसं कापायची. पण सासूबाईंना ना ताप, ना तोंडावर एक फोड. भूक तर दुप्पट. मग सासऱ्यांनीच निकाल दिला, "देवी म्हशीत आलीय. तुमच्या हातावर निस्ता तिचा परसाद हाय."

झालं! गोठ्याला कडुलिंबाचे डहाळे, म्हशीला हळदकुंकू आणि दहीभात. सासरे एरवी पाटलालासुद्धा अरेतुरे करणारे. ते म्हशीला म्हणू लागले, "आईसाहेब, पाय उचला जरा, शेण काढायचंय." आईसाहेब ढिम्म. सासरे हात जोडून उभे.

गल्लीतल्या बाया दर्शनाला लोटल्या. कासेला हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा आणि घरी जाऊन आपापल्या म्हशीची धार काढायची. थोड्याच दिवसांत गल्लीतल्या चार म्हशींत देवी आली नि बायांची बोटं सुजली. शेजारणीच्या तर पापणीवर फोड. "मला लई पावली," असं सांगत ती गावभर फिरली.

शेवटी तालुक्याहून देवी टोचणारा सरकारी माणूस आला. सगळ्या कासा नि सगळे हात बघून त्यानं कपाळावर हात मारला. "अजी, ये देवी नहीं, भैंस की बीमारी है! थन से हात को लगी, हात से दूसरे थन को."

"म्हशीचा रोग माणसाला?" सासरे तडकले. "आमी काय म्हशी हाव?"

"रोग इचारून येत न्हाय, मामा," तो मराठीवर आला. "आजारी जनावराची धार शेवटी काढा, हात धुवा, नि हे दर्शन आधी बंद करा."

इतके दिवस बाया सासूबाईंच्याही पाया पडत होत्या. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या माणसाला खरंच कळतंय का गं?"

"कळतंय, आत्याबाई."

"असंल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात धुवायला पाणी तापत ठेवलं.