धुरी दिलेली द्राक्षं

ये, जरा जवळ सरक. मी हे लिहितेय आणि तू तिकडे नाशकात आहेस हे मला कळतं, तरी माझ्या पलंगाच्या कडेला बसलीयेस असं धरूनच चाललेय. मागच्या महिन्यात फोनवर म्हणालीस, "मोठी आई, दादाने आमच्या पप्पांना चार माणसांत खाली बघायला लावलं," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. असं करतात का गं? तुझ्या जन्माच्या वेळी मी सुट्टीला आले होते, पायावर घेऊन न्हाऊ घातलंय तुला. तेव्हा रडत होतीस, पण ऐकत तरी होतीस. आता बस आणि ऐक.

तुझे मोठे काका गेले तेव्हाच मला गावी परत यायचं होतं. आमचा सगळा संसार इकडे आखातात, अहमदीत तेलकंपनीच्या क्वार्टरमध्ये झाला. दारात कडुनिंब होता, मागे मी मेथी लावायचे. ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं आणि मी दादाच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच लेकाकडे, आले. इथे काही कमी नाही. पण खिडकी उघडली की धूळ, बंद केली की एसीची घरघर. सून कामावर. नातू शाळेतून आला की मी विचारते, "काय खाणार रे?" तो म्हणतो, "नथिंग, आजी," आणि दार लावून घेतो. मी दादाला म्हटलं, मला गावी पाठव. तो म्हणाला, "एकटी कशाला जातेस, आई? वाइनरी उभी राहू दे, मी नोकरी सोडतो, सगळेच जाऊ." त्या शब्दावर मी राहिले. दर वेळी इकामा वाढवायची वेळ आली, म्हणजे इथे राहायचा परवाना, की मी मनात म्हणायचे, हा शेवटचा.

वाइनरीचं खूळ त्याने इटलीहून आणलं. कंपनीने मशिन बघायला पाठवलं होतं, तिथल्या एकाने सुट्टीच्या दिवशी याला आपल्या मामाच्या घरी नेलं. माळ्यावर बांबूच्या ताट्या, त्यावर काळ्या द्राक्षांचे घड पसरलेले. तीन महिने तसेच ठेवायचे, थंडीच्या वाऱ्यावर. वजन निम्मं होतं, साल सुरकुतते, मग गाळून आंबवायची. दाट, काळपट लाल वाइन होते म्हणे. म्हातारा मामा रोज ताट्यांमधून हात फिरवत चालायचा. दादा म्हणाला, "आई, अगदी आपल्या घरासारखं घर. सगळे एका जागी कामाला." मला वाइनचं काय कळतंय, पण त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. जमीन होती, द्राक्षं होती, बघायला तुझे पप्पा होते.

आणि आम्ही राहतो कुठे, तर जिथे त्या वस्तूचं नावही काढायचं नाही. शेजारची रत्नागिरीची भाभी एकदा दादाच्या फोनवरचे फोटो बघून विचारती झाली, "काकी, गावाला काय बनवता तुम्ही?" मी म्हटलं, "द्राक्षाचा रस." ती म्हणाली, "रसाला एवढी मोठी लाकडी पिंपं लागतात?" मी म्हटलं, "आमच्याकडे लोकांना तहान फार." ती हसली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. शहाणी बाई आहे.

पहिल्या वर्षी थोडाच माल केला होता आणि तो छान झाला. मी गावी होते तेव्हा तुझ्या पप्पांनी मला स्टीलच्या वाटीत चमचाभर दिली. आधी कडू लागली, मग मागून बेदाण्याचा गोडवा आला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तोंड वाकडं करू नका, लोक याला पैसे देऊन तोंड वाकडं करतात." किती हसलो होतो आम्ही. दादा आणि ते एका ताटात जेवले त्या दिवशी.

दुसऱ्या वर्षी दादाने मोठी उडी घेतली. निम्मा बाग त्या वाइनसाठी. आपल्याकडे काढणी फेब्रुवारीत, आणि पुढे ऊनच ऊन, इटलीसारखी थंडी कुठली? म्हणून जाड भिंतींची खोली बांधली, पंखे लावले, गारवा राहील असं यंत्र बसवलं. दादा इथे जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून कॅमेऱ्यातून त्या खोलीकडे बघत बसायचा. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही त्याला.

मग मार्चात अवकाळी पाऊस झाला आणि तुमच्याकडची लाइट गेली. पंखे बंद, कॅमेरा बंद, बंद खोलीला घाम फुटला. नेमकं तेव्हाच इथे दादाच्या प्लांटमध्ये दुरुस्तीचं काम चालू. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात. भाऊजींनी त्याला फोनवर फोन केले. मग मला केला.

"वहिनी, खालच्या क्रेटना बुरशी दिसतेय."

"तो रात्री येईल. आला की लगेच लावायला सांगते."

"बुरशी रात्रीची वाट बघत नाही, वहिनी. मी बघतो काय करायचं ते."

आणि त्यांनी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं, जे तुझ्या आजोबांनी शिकवलं होतं. बेदाण्याला करतात तसं. सगळी द्राक्षं द्रावणात बुडवून काढली, म्हणजे चटकन सुकतील, आणि वरून गंधकाची धुरी दिली, म्हणजे बुरशी धरणार नाही. बुरशी गेली, खरंच गेली. पण गंधकाची धुरी बसली की द्राक्ष आंबत नाही. आंबलं नाही तर वाइन कसली? हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दादाने "सावकाश सुकवा" एवढंच सांगितलं होतं. का सावकाश, ते सांगायला त्याला वेळ नव्हता, आणि विचारायला यांना कमीपणा वाटत होता.

दादा सुट्टी काढून आला, मीही आले. त्याने खोली उघडली, तर काळी द्राक्षं पिवळट तपकिरी झालेली आणि वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. तू तेव्हा कॉलेजला होतीस. दारात मजूर होते, इंदोरहून आलेला एक व्यापारी होता.

दादा म्हणाला, "काका, वाइन करायची होती. शिऱ्यात घालायला बेदाणे नव्हते मागितले."

तुझे पप्पा म्हणाले, "शिरा देवापुढे तरी ठेवता येतो."

"एक फोन लागेपर्यंत थांबला असतात तर?"

"तुझा फोन लागायला तू इथे राहायला पाहिजेस. लांबून बोटं दाखवून शेती होत नाही, साहेब."

त्या 'साहेब'ने सगळं संपलं. सख्ख्या पुतण्याला साहेब. आणि दादाने काय केलं, क्रेट उचलून अंगणात उपडा केला, मजुरांसमोर. दोघांनीही मला मध्ये घेतलं, "सांगा वहिनी," "सांग आई." मी कोणाचं सांगू? दोघांचंही खरं होतं, आणि दोघांनाही ते नको होतं. त्या द्राक्षांत बिया, त्यामुळे बेदाणे म्हणूनही कोणी घेतली नाहीत. शेवटी खड्ड्यात गेली.

इथे परतल्यावर दादाने कंपनीचा करार वाढवला. मला विचारलं नाही, जेवताना सांगितलं फक्त. "पाच-सहा वर्षं तरी आता इथेच, आई." मी म्हटलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तुला इथे काय कमी आहे?" माझ्या वयाच्या बाईला पाच-सहा वर्षं म्हणजे काय, हे इंजिनिअरला कळू नये?

तुझ्या आईकडून कळलं, गावच्या घरातल्या माझ्या खोलीत आता फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे ठेवलेत. रिकामी पडून पिंपांना फटी गेल्यात. तुझ्या पप्पांनी मला एकदाही "वहिनी, तुमची खोली आहे, या" असं म्हटलं नाही, आणि माझ्या मुलाने "जा" म्हटलं नाही. भांडण त्यांचं, आणि घर गेलं माझं. हे तुला कोणी सांगितलं नसणार, म्हणून सांगितलं. पप्पांची बाजू घे, लेक आहेस, घ्यावीच. पण फोन असा ठेवत जाऊ नकोस.

मला तिकडे यायला कोणी बोलवत नाही, म्हणून तूच इकडे ये. व्हिजाचं मी दादाच्या मागे लागते, तुझ्यासाठी तो नाही म्हणणार नाही. थंडी आहे तोवर इथे बाहेर फिरता येतं, संध्याकाळी समुद्रावर जाऊ. घरी विचारत बसू नकोस, सांग आणि निघ. लवकर ये गं.