बांधापलीकडचं पावणं

आमच्या आक्कानं आयुष्यात कुणाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. गावानंही तिला तशी संधी फारशी दिली नाही म्हणा.

शिरोळकडच्या आमच्या गावात, नदीकाठच्या रानात तिचं घर. मागं एका थंडीत तिला हरभऱ्यात रानहंसाचं पोर सापडलं. हिमालयापलीकडून येणाऱ्या थव्यातलं, विजेच्या तारेवर आपटून पंख मोडलेलं. आक्कानं पंखाला हळद बांधली, मांडीवर घेऊन मेथी भरवली. थवा परत गेला, हे राहिलं. आलं ते जायचं नाव घेत नाही, म्हणून तिनं त्याला पावणं म्हणायला सुरुवात केली. पंख जुळला तो वाकडाच. वनखात्याचा माणूस बघून गेला. पिंजऱ्यात घालू नका, विकू नका, पोहायला पाणी द्या आणि कुत्र्यांपासून राखा, एवढं बघा, म्हणाला.

पण गेल्या पुरानंतर आक्काचे गुडघे गेले आणि लेकीनं, संयोगितानं, तिला कोल्हापुरात आपल्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरवलं. तिथं हंस कुठं ठेवणार? जायच्या आधी पावण्याला जिवाची भीती नसलेलं घर हवं होतं.

पहिला आला धैर्यशील. हमरस्त्याला त्याचं कृषी पर्यटन केंद्र. खुरपं कुठल्या बाजूनं धरायचं हे त्याला ठाऊक नाही, पण दारात रंगवलेली बैलगाडी आहे.

"तळ्याकाठी सेल्फी पॉइंट करूया. हंसाला फेटा बांधूया."

"तुझ्या आज्ज्यानं कवा बांधला न्हाई, हंसाला बांधतोयस व्हय?" आक्का म्हणाली.

मग विजयसिंह आला. पुढारी माणूस, फार्महाऊसवर शेततळं, सगळं झकास. पण उठता उठता त्यानं पावण्याला उचलून हातात तोललं. "तीन किलो तरी भरंल की." आक्कानं पावणं काढून घेतलं, आणि त्याच्या पुढ्यातला चहाही.

तिसरा शहरातला पक्षीमित्र, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. हंसांच्या प्रवासावर तासभर बोलला, बोलताना त्याचे डोळे भरून आले. "मग न्हेतासा का?" म्हटल्याबरोबर त्याला मीटिंग आठवली.

मी वैतागलो. "आक्का, तुला सगळ्यांत खोटच दिसते."

"असतीया म्हणून दिसतीया."

राहता राहिला गणपतराव. आक्काचा चुलत दीर, शेजारच्या रानाचा मालक आणि पंचक्रोशीतला एक नंबरचा हावरट. हातभर बांधासाठी दोन घरांतलं बोलणं बंद, पत्रिका बंद, सुतकाचा निरोपही बंद. आक्काच्या झाडाचा आंबा पलीकडे पडला की तो त्याचा. एकदा तिची कोंबडी बांध ओलांडून गेली, तीही त्याची झाली. बरं, कापून खावी, तर तेही नाही. कापली तर वैनी चोर म्हणेल, म्हणून म्हातारी होऊन मरेपर्यंत त्यानं ती सांभाळली.

एका सकाळी आक्कानं मूठभर ज्वारी बांधापलीकडे फेकली. पावणं डुलत गेलं आणि गणपतरावाच्या पाटात उतरलं. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"ज्याच्या हातातनं हातभर बांध सुटंना," ती हळूच म्हणाली, "त्याच्या हातातनं हंस कोण काढून घेतोय?"

गणपतराव दिसल्यावर मात्र तिनं आवाज चढवला. "माझं पावणं सोडा!"

"माझ्या रानात आलंय. माझं हाय."

"कोर्टात जाईन."

"जावा की. न्हाय द्यायचो." आणि मागं वळून त्यानं बायकोला सांगितलं, "कुत्रं बांध आदी."

घसा बसेपर्यंत भांडून आक्का घरात आली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग नाक पुसून म्हणाली, "भांडतो मातर चांगला, मेला."

कोल्हापुरात गेल्यावरही तिनं पिच्छा सोडला नाही. दर पंधरवड्याला फोन करून ती पावणं परत मागायची, आणि हक्क पक्का करायला गणपतराव काहीतरी वाढवायचा. आधी जाळीचं कुंपण झालं, मग तळं खणलं. "मिळवा आता कोर्टातनं," असं वर ऐकवायचा.

श्रावणात आक्काच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मागणी थांबली. मी तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. पलीकडे गणपतराव.

"वैनी, लई दिवस झालं, पावणं मागितलं न्हाईसा."

"देतासा का, भावजी?"

"न्हाय."

"मग फोन कशाला केलासा?"

"बांधाकडच्या जाळीपाशी येऊन बसतंय ते. तुमच्या बंद दाराकडं बघत. मागत जावा, वैनी. कोण मागंनासं झालं की राखण्यात बी काय राम वाटंना."

आक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आवाज तेवढा नेहमीसारखा करडा ठेवला.

"उद्या सकाळी मागते. तयारीनं बसा."