तिसऱ्यांदा विचारणं

बारामतीजवळच्या आमच्या साखर कारखान्यात, स्टोअरमध्ये एक वयस्कर कारकून होते. घरी एकटेच. कुणालाही म्हणायचे, "चला, घरी चहा घिऊ." समोरचा "नको" म्हणाला की गप्प. पुन्हा विचारणं त्यांना जमायचंच नाही. मी तिथे हिशेबखात्यात, घरातला पहिला बी.कॉम.; ताठ्यात मीही कितीदा नको म्हणालो होतो.

नव्या यंत्राबरोबर चीनचा इंजिनिअर आला, तेव्हा त्यांनी चिनी संभाषणाचं पुस्तक मिळवलं. मळीच्या गोड वासात, पोत्यांवर बसून, डोळे मिटून ते घरी चहाला बोलवायचं वाक्य पुटपुटायचे, "छ्यू वो ज्या, ह छा बा."

उसाच्या तुऱ्यांवरून ऊन उतरताना गेटवर त्यांनी इंजिनिअरला तेच म्हटलं. त्यानं हसून हात हलवला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा म्हटलं, आणि पाहुणा त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून स्वप्नातल्यासारखा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सुटताना गेटवर मी म्हणालो, "आबा, काल विचारायचं थांबलाच नाहीत!"

"पुस्तकात लिवलंय, तिकडं आधी दोनदा न्हाय म्हणायची रीत हाय." मग खाली बघत, "सायेब, चहाला येता?"

"नको," मी सवयीनं म्हणालो.

"या की."

मी हसून हात हलवला.

"या ओ."

इस्त्रीची पँट सावरत मी कॅरिअरवर बसलो.