नदीची खबर

मासळीबाजारात एक बाई फळ्यावरचे आकडे वाचत उभ्या होत्या आणि त्यांना पाहून मला फार आनंद झाला. तो फळा आमच्या प्रयोगशाळेने लावला होता. मी तेव्हा अणुवीज केंद्रात नोकरीला होते. नदीचं पाणी, गाळ, मासे आणून त्यांतला किरणोत्सर्ग मोजायचा, हे आमचं काम. पण आकडे कार्यालयातच राहायचे, आणि काठावरच्या गावांत भीती वाढत जायची. नदीची मासळी म्हटलं की गिऱ्हाईक पुढे निघून जायचं.

म्हणून आम्ही दर महिन्याचे आकडे सोप्या मराठीत बाजारात लिहायला लागलो. कॉलेजची मुलं तेच पाणी स्वतंत्रपणे तपासत, त्यांचे आकडेही शेजारीच असत.

फळ्याखाली बसलेली सुमनताई कोळीण माझ्याकडे बोट करत त्या बाईंना म्हणाली, "सावकाश वाचा. यांनी मोजलंय, मुलांनीही मोजलंय. जुळतंय की नाही बघा."

बाईंनी पूर्ण वाचलं आणि पिशवी पुढे केली.

त्या गेल्यावर मी विचारलं, "उद्या आकडा वाढला तर?"

"तर तोही लिहा," सुमनताई म्हणाली. "मी टोपली घेऊन घरी जाईन. पण आम्हाला कळायला हवं."

घरातल्या माणसाची तब्येत घरच्यांना सांगावीच लागते. नदी तर या सगळ्यांच्या घरातलीच. इतकी वर्षं मी मोजत होते, पण कुणासाठी, ते मला त्या सकाळी नीट दिसलं. मी तिथेच टोपलीजवळ बसले आणि रात्रीच्या कालवणासाठी काळुंदर मासे निवडायला लागले.