अण्णांच्या सागातल्या गांधीलमाश्या

आमच्या आईला आणि वडलांना भांडायला एकच विषय आयुष्यभर पुरला, तो म्हणजे कचरा. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. नोकरीत असतानाच त्यांनी कन्नडच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या आमच्या शेताच्या मुरमाड कोपऱ्यात साग लावला होता. सागाभोवती घाणेरी आणि बोरीची झुडपं माजलेली, खाली घोटाभर पाचोळा, आणि फांद्यांना गांधीलमाश्यांची पोळी लोंबलेली. आई तिथं गेली की पदर खोचूनच बोलायची.

"साग लावलाय का उकिरडा केलाय? चार माणसं आली तं बसवायचं कुठं?"

"असू दे," अण्णा म्हणायचे.

एवढंच. आमच्या घरात बोलायचं खातं आईकडं होतं. आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या 'असू दे'चा. एवढा जाणता माणूस, आणखी एक वाक्य बोलला असता तर काय बिघडणार होतं?

अण्णा थंडीत गेले. आईचंही हृदय अशक्त झालं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, पण आईला ते आमच्या तोंडावरूनच कळलं. तेव्हापासून तिनं एकच धरून ठेवलं. पावसाळ्याचे तीन महिने आमच्याकडे वर्षावास असतो, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. यंदा ते अण्णांच्या सागाखाली व्हावं, असं तिचं म्हणणं. "त्यांच्या सावलीत एक वर्षावास ऐकते. मंग माझं काय व्हायचं ते व्हू दे."

नाही म्हणायला कुणाची छाती होती? उन्हाळ्यात मी शहरातून रजा टाकून गेले. दादा, वहिनी आणि मी कामाला लागलो. आई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. झुडपं तोडली. पाचोळा ओढून पेटवला. पोळ्यांना धूर दिला, मग खालून पलिते लावले. एक पलिता तर आईनं स्वतः हातात घेतला. शेवटी वहिनीनं जमीन अंगणासारखी झाडून काढली. सातभाईंचा थवा दोन दिवस कलकल करत घिरट्या घालत राहिला आणि मग दिसेनासा झाला. आई समाधानानं म्हणाली, "आता कसं, माणसाच्या जागेसारखं वाटतंय." नवऱ्याशी चाललेलं जुनं भांडण ती जिंकली होती, तेही त्याच्याच मानासाठी.

आषाढ पौर्णिमेला साग हिरवागार होता. देवगाव रंगारीहून मावश्या आल्या, खीर झाली. पंचशील म्हणताना आईचा आवाज सगळ्यांच्या वर लागला होता. तेवढी एकच बैठक सुखाची झाली.

मग अळ्या आल्या. पानाचा हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरा ठेवायच्या. धाग्यानं लोंबकळत बायकांच्या डोक्यावर उतरायच्या, ग्रंथाच्या पानावर पडायच्या. वाचणारे काका बोटानं अळी उडवून पुढची ओळ धरायचे. "अळ्याबी श्रवणाला आल्यात," म्हणून आम्ही हसलो. हसणं फार टिकलं नाही. दादानं कापसाचं फवारणी यंत्र ट्रॅक्टरला जोडून आणलं. काही अळ्यांच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखं पांढरं काही चिकटलेलं होतं. ती किडीची अंडी समजून तिथं त्यानं जरा जास्तच औषध मारलं. आठवडाभर अळ्या गेल्या, लोकांनी त्याची पाठ थोपटली. पुढची लाट आली ती आधीपेक्षा मोठी. भादव्यात सागाच्या पानांची चाळणी झाली आणि ऊन थेट आईच्या डोक्यावर येऊ लागलं.

एकदा मी सुट्टीला गेले तेव्हा ती तशीच वर बघत बसली होती. म्हणाली, "गांधिली अळ्या उचलून न्यायच्या गं. मी बघायचे. तोंडात हिरवं धरून पोळ्यात जायच्या."

शहरात परतल्यावर मी शोधलं, माहितगारांना विचारलं. आईनं बघितलं होतं ते खरं होतं. गांधीलमाशी अळ्या नेऊन पिल्लांना चारते. सातभाई पाचोळा उकरून कोष खातात. आणि ती पांढरी कणी किडीची नव्हतीच. एक बारीक माशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात, ते त्यांचे कोष होते. सगळा दोष आमचाच असंही नाही, त्या वर्षी जंगलातला सागही खाल्ला गेला होता. पण तिथं पानं तगली. आमच्या इथं अळीला खाणारं कुणी उरलंच नव्हतं.

आईनं फोनवर विचारलं, मी सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मंग तुझ्या अण्णांना बोलता येत नव्हतं व्हय?" ती रडत होती.

वाचन पुन्हा विहारात सुरू झालं. वहिनी मला म्हणाली, "ताई, सासूबाई पंचशील अर्धवट म्हणतात." मला वाटलं, दम लागत असेल. आश्विन पौर्णिमेला मी तिच्या शेजारी बसले. पहिलं शील जीवहिंसा न करण्याचं. सगळा विहार म्हणत होता आणि आई हात जोडून, ओठ मिटून बसली होती. दुसऱ्या शीलापासून तिनं आवाज मिळवला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आई, ते नकळत झालं."

"नकळत झालं, पर माझ्या हातानं झालं. पाळलं नाय ते तोंडानं कसं म्हणू?"

माघात ती गेली. शेवटपर्यंत तिनं पहिलं शील म्हटलं नाही.

पानं गेली म्हणून साग मरत नसतो. पुढच्या पावसात तो पुन्हा फुटला. तिला मात्र सावलीची एकच पौर्णिमा मिळाली. झुडपं वाढली, पाचोळा साचला, आम्ही काहीच झाडलं नाही. यंदा खालच्या फांदीला गांधीलमाशीचं नवं पोळं दिसलं, बाटलीच्या झाकणाएवढं. मी थोडं लांब पोतं टाकून बसले आणि वंदना म्हटली. पहिलं शील दोनदा म्हटलं, एकदा माझं आणि एकदा आईचं. दुसऱ्याच्या वाटचं शील आपल्याला घेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी म्हटलं.