मासळीच्या मागे, भरावावरून

बोईसरच्या लॉजमधून भल्या पहाटे सायकल जिन्यावरून उतरवत होते, तेव्हा मॅनेजरने डोळे चोळत विचारलं, "मॅडम, रिक्षा बोलवू का?" पंचावन्न वर्षांची बाई हौसेने सायकल चालवते, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. नागपुरात माझ्या नणंदेच्याही पडत नाही, तेव्हा त्याला काय बोलायचं! मी म्हटलं, "नको. जिथे रिक्षा जात नाही, तिथेच चाललेय."

असा रस्ता आहे हे एका सायकलवेड्या मैत्रिणीकडून कळलं होतं. फार पूर्वी किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बांधकामाला खडी न्यायला नदीच्या काठाने रूळ टाकले होते. काम संपलं, रूळ उपटून नेले, मातीचा उंच भराव तेवढा राहिला. बोईसरची कारखान्यांची वस्ती संपते तिथे तो सुरू होतो आणि किनाऱ्यावरच्या मुरबे गावाच्या बऱ्याच अलीकडे खाडीला भिडतो. वाटेतल्या दोन मोऱ्या खचल्यात, त्यांवर गावकऱ्यांनी फळ्या टाकल्यात. माणूस जातो, सायकल जाते, मोटार जात नाही. एक सकाळ हॉर्न न ऐकता घालवायची, एवढ्यासाठी मी अख्खा महाराष्ट्र ओलांडून आले होते.

सुरुवात झकास झाली. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, डावीकडे खाली नय (नदी), उजवीकडे कापणी झालेली भातखाचरं. चढ नाही, अवघड वळण नाही. आगगाडीसाठी केलेली वाट माझ्या गुडघ्यांनाही मानवली, आणि मी चक्क गाणं म्हणायला लागले.

पहिल्या मोरीवर गाणं बंद पडलं. फळीच्या मध्यावर पोचले तर समोरून एक सायकल थेट अंगावर. निळी टोपी घातलेला चाळिशीचा माणूस, मागे थर्माकोलचा भलामोठा खोका. "मागं व्हा बाय, मागं व्हा! बरफाचं पानी होतंय!" असा ओरडला की मी निमूट सायकल मागे ढकलली. तो गेला, आभार नाही की काही नाही. खोक्यातलं पाणी मात्र माझ्या बुटावर सांडून गेला. मी त्याला दोन अस्सल नागपुरी शिव्या दिल्या, अर्थात तो लांब गेल्यावर.

पुढे एका ताडाखाली एक आजी उकडलेले करांदे (बटाट्यासारखे, जरा कडसर कंद) घेऊन बसली होती. डोंगराकडच्या पाड्यावरून चालत येते म्हणाली. मीठ लावून चार खाल्ले आणि शहाणपणा केला, "आजी, मोटारी येत असत्या तर गिऱ्हाईक वाढलं असतं ना?"

"मोटारवाला कवा थांबतो?" ती म्हणाली. "सायकलवाला दमतो, मंग थांबतो."

मी दमले नव्हते असं सांगावंसं वाटलं, पण तोंड भरलेलं होतं.

भराव संपतो तिथे कोळ्यांची दहा-पंधरा घरं आहेत. पहिल्याच घरासमोर एक बाई उकिडवी बसली होती. पुढ्यात दोन टोपल्या भरून मासळी, चांदीसारखी लखलखीत. आणि ती बाई शांतपणे त्या मासळीवर कॅनमधून डिझेल ओतत होती.

मी सायकल टाकून धावले. "अहो, काय करताय हे! वेड लागलं का?"

"मासली आमची, डिझेल आमचं," ती मान वर न करता म्हणाली. मग हाताने खाडीकडे दाखवलं. "तिकडं बगा."

पाण्यावर पांढरं काहीतरी पसरलं होतं. येताना मला तो फेस वाटला होता. आता नीट पाहिलं, तर ती पोटं होती. हजारो माशांची उलटी, पांढरी पोटं, या काठापासून त्या काठापर्यंत. मी आयुष्यात इतकं मेलेलं एका ठिकाणी पाहिलेलं नाही.

बाईचं नाव भानू. तिने तुटक तुटक सांगितलं ते असं. इथे खाडीत खांब रोवून त्यांना पिशवीसारखी जाळी बांधतात. ओहोटीचं पाणी मासळी आत लोटतं आणि उजाडायच्या आत जाळी रिकामी करतात. अशा जाळ्यात दबून मासळी तशीही मेलेलीच निघते, म्हणून अंधारात कुणाला शंका येत नाही. उजाडल्यावर भानूला जाळ्याबाहेरही मासळी तरंगताना दिसली.

"जाल्यात मेली ती आमची," ती म्हणाली. "जाल्याभाहेर मेली ती इखाची. नदीनं रातीला इख आनलंय वरून."

"मग पुरून टाका ना. डिझेल कशाला?"

"पुरली तं कुत्री उकरतात. फेकली तं कोनतरी उचलून बाजारात नेतो. डिझेल लावलं का कोन शिवत नाय." एवढं बोलून तिने कॅन खाली ठेवला. "पन माजा दीर, हरेश, त्यो पयल्या जाल्याची मासली घेऊन कवाच गेला बोईसरला. अंदारातच गेला."

निळी टोपी. माझ्या बुटावरचा वास अजून गेला नव्हता.

"फोन करा की!"

"त्याचा फोन घरात. चार्जिंगला."

डांबरी रस्ता लांबचा वळसा घेऊन जातो, आणि गावातल्या मोटारसायकली घेऊन पुरुष सातपाटी बंदरावर गेले होते. भानू माझ्या सायकलकडे बघत होती. "तुमची पलते ना?" ती म्हणाली. "मंग जा. कारखान्यामागल्या खोल्यांत इकतो त्यो. रातपालीवाले येतात, खातात, झोपतात. जा, बाय!"

मी निघाले. आजी काहीतरी ओरडली, मी थांबले नाही. दुसऱ्या फळीवर साखळी निसटली, ती बसवताना मी रडत होते आणि स्वतःवरच चिडत होते. मघाची तीच वाट, तेच ताड, पण मला फक्त कुणाच्यातरी ताटातली मासळी दिसत होती.

हरेश सापडला तेव्हा खोका जवळजवळ रिकामा होता. मी धापा टाकत निरोप सांगितला. वाटलं होतं, वाद घालेल.

"वैनीनं सांगितलं?" त्याने विचारलं. "भाहेर तरंगते?"

"खाडी पांढरी झालीय."

त्याचा चेहराच उतरला. पुढच्या क्षणी तो खोल्यांच्या रांगेत दारं बडवत सुटला. "भाभी, मच्छी वापस दो! पकाओ मत!" कुणाला वाटलं, जास्त भावाचं गिऱ्हाईक मिळालं. जळगावकडची एक बाई पातेलं घेऊन बाहेर आली, "अरे, मसाला लावून ठेवलाय मी!" हरेशने पातेलंच खोक्यात उपडं केलं.

शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. रातपाळीच्या कपड्यांतला एक माणूस मांडीवर लेकीला घेऊन जेवायला बसला होता. भात, रस्सा, मासळी. पहिला घास लेकीच्या तोंडापाशी नेलेला. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ताट भिंतीवर आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो.

तो ताडकन उठला. मागून हरेश हात जोडून आत आला. "माफ करना, दिनेशभाई. पानी जहर हो गया. खाडी का सब मच्छी मर गया रात को."

दिनेशचा राग जागच्या जागी विरला. "रात को?" त्याने विचारलं. "हमारी कंपनी की नाली उधर ही जाती है क्या?"

"उदरही जाती हाय. नदी में."

तो भिंतीला टेकून खाली बसला. "वॉल्व हमने खोला था," तो म्हणाला. "साहब बोला टंकी खाली करो, सिर्फ पानी है." त्याच्या बायकोने लेकीला उचलून घेतलं.

हरेश आता त्याला मारणार, असंच वाटलं. त्याच्या मुठी वळल्या होत्या. पण तो त्या मुलीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "चल. पीछे बैठ. वैनीको तूच बोल."

आम्ही परतीची वाट धरली. पुढे हरेश, त्याच्या कॅरिअरवर मांडीवर खोका घेतलेला दिनेश, मागे मी. भानू भरावाच्या टोकाशी उभी होती.

"खाल्ली कोनी?"

"नाय," हरेश म्हणाला, आणि ती मटकन खाली बसली.

दिनेशने खाली मान घालून सगळं सांगितलं. भानूने ऐकून घेतलं. मग रिकामी टोपली त्याच्या पायाशी टाकली. "उतर. दिसंल ती गोला कर." तो कारखान्याच्या कपड्यांनिशी चिखलात उतरला. मीही उतरले. पाणी चढेपर्यंत आम्ही मेलेली मासळी वेचत होतो. वर येताना दिनेशने विचारलं, "आज रात फिर खोलने को बोला तो?"

भानू म्हणाली, "आमी रोज रातीला जालं बांधतो."

निघताना भानूचा नंबर घेतला होता, दुसऱ्या दिवशी पालघरच्या बसस्टँडवरून मी तिला फोन लावला. पाणी कसं आहे, विचारलं.

"आज बरं हाय. पन त्यो आलाय. बायको-पोरीला घेऊन."

दिनेशने त्या रात्री वॉल्व उघडायला नकार दिला होता. काम गेलं, आणि खोली ठेकेदाराची, म्हणून तीही रातोरात गेली. ओळखीचं दुसरं दार नव्हतं, तेव्हा सामान डोक्यावर घेऊन तिघं भरावावरून चालत कोळीवाड्यात आली होती.

मला धक्काच बसला. ज्याने त्यांची खाडी मारली, तोच त्यांच्या दारात. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? भुकेली व्हती पोर," भानू म्हणाली. "दर्यातली ताजी मासली व्हती, कालवण केलं. बाप हात लावायला तयार नाय. घाबरतो. मंग मी पयली खाल्ली त्याच्यासमोर, मंग पोरीनं खाल्ली."

नागपूरची मंडळी विचारतात, रस्ता कसा होता? सुंदर होता, मी सांगते, एकही मोटार नाही. पुढचं सांगायला लागले की माझा आवाज दगा देतो. स्टँडवरही दिला होता. भानू पलीकडून "बाय, आयकताय ना?" म्हणत राहिली आणि मी नुसती हो हो म्हणत होते.